अल्प खर्चातील शालेय लघुपट

लघुपट स्पर्धांची पत्रके अलीकडे शाळांकडे वारंवार येऊ लागली आहेत. पत्रक हाती पडताच मुख्याध्यापकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. वस्तुतः हा प्रश्न सर्वांत सोपा आहे. ज्या भ्रमणध्वनीवरून आपण रोज माहिती भरून पाठवितो, त्याच यंत्रात चित्रीकरण, ध्वनिमुद्रण व संपादन या तिन्हींची सोय आहे. कठीण आहे ते निराळेच : काय दाखवावयाचे, आणि कोणाचे मूल दाखवावयाचे.

या कलेचा आपल्याकडील आरंभही असाच लहानशा वस्तूपासून झालेला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळविण्यापूर्वी कुंडीत वाटाणे पेरले, रोपाची वाढ थोडीथोडी चित्रित करीत नेली आणि कित्येक दिवसांची ती वाढ सुमारे मिनिटभरात पडद्यावर दाखविली. त्या चित्रफितीचे नाव 'अंकुराची वाढ'. पाहणाऱ्यांची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. हा प्रयोग आपल्या वर्गात मटकीच्या मोडांवर सहज करता येईल. दर अर्ध्या तासाने एक छायाचित्र या बेताने चार दिवसांत १९२ छायाचित्रे होतात. सेकंदास १२ या वेगाने ती दाखविली तर १६ सेकंदांचे दृश्य मिळते. मुलांस गणितही कळते आणि चलच्चित्र म्हणजे स्थिर चित्रांची रांग होय, हेही कळते. प्रत्यक्ष लघुपटास हात घालण्यापूर्वी हा एवढा सराव अवश्य करावा.

आता विषयाकडे वळू. स्पर्धेसाठी केलेल्या शालेय लघुपटांपैकी बहुसंख्य एकाच साच्याचे असतात. दारुडा बाप, रडणारी आई, शाळा सोडलेले मूल, मग गुरुजींचे भाषण, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत घोषवाक्य. अशा लघुपटात गुरुजीच नायक असतात, हा योगायोग नव्हे. परीक्षकांनी असे चित्र पहिल्याच दिवशी दहा वेळा पाहिलेले असते. विषय मोठा नसला तरी चालेल. तो आपल्या गावचा असावा, आणि तोंडाने न सांगता डोळ्यांस दाखविता येण्याजोगा असावा.

उदाहरणादाखल बीडसारख्या जिल्ह्यातील शाळेचा एक प्रसंग कल्पू. तिसरीतील दोन मुलगे एकाच बसकरपट्टीवर शेजारी बसतात. दिवाळीच्या सुमारास एकाचे आईबाप ऊसतोडीस निघतात आणि मुलासही संगे नेतात. दुसऱ्या दिवसापासून मागे राहिलेला मुलगा त्या मोकळ्या जागी आपले दप्तर ठेवू लागतो. कोणी तेथे बसू पाहिले तर हाताने अडवितो. हजेरी घेताना गुरुजी त्या नावापाशी क्षणभर थांबतात व पुढे जातात. हंगाम सरतो. एके दिवशी दारात उन्हाने रापलेला तो मुलगा उभा असतो. आतला मुलगा वर न पाहताच दप्तर उचलून आपल्या मांडीवर घेतो. कथा एवढीच. तीत संवाद नाही, भाषण नाही. तरी स्थलांतराचा अर्थ पाहणाऱ्याच्या ध्यानी येतो. चार मिनिटांस हे पुरेसे आहे.

अशी कथा सुचल्यावर लगेच चित्रीकरणास धावू नये. पाठाचे टाचण काढतो तसे दृश्यांचे टाचण काढावे. वहीत चार रकाने आखावेत : दृश्याचा क्रमांक, काय दिसते, काय ऐकू येते, आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी टिपावयाचे. वरील कथेची सुमारे वीस दृश्ये होतील. काही दुरून (शाळेसमोरून जाणारा सामानाने भरलेला ट्रॅक्टर), काही मध्यम अंतरावरून (वर्गातील रांग), काही अगदी जवळून (दप्तर, हजेरीपटावर थबकलेले पेन). नवशिक्या माणसाचा हात सगळे दुरूनच टिपण्याकडे असतो, आणि मग कोणाचाच चेहरा दिसत नाही. ज्या वस्तूवर कथा उभी आहे ती निदान तीन वेळा जवळून दिसली पाहिजे. दोन मुले समोरासमोर असतील तर त्यांना जोडणारी एक रेषा मनात धरावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. रेषा ओलांडली की पडद्यावर दोघेही एकाच दिशेस पाहत असल्याचा भास होतो.

भ्रमणध्वनी आडवा धरावा. हात कापतोच, म्हणून दोन विटांच्या मध्ये किंवा वाळूच्या पिशवीवर तो टेकवावा; तिपाई विकत घेण्याची निकड नाही. चित्रीकरण चालू असता फोन येऊ नये म्हणून विमान-अवस्था चालू करावी. एक मिनिटाच्या स्वच्छ चित्रणास यंत्रातील सुमारे शंभर ते दीडशे एमबी जागा लागते, यास्तव आदल्या रात्रीच जागा मोकळी करून ठेवावी.

प्रकाश विकत घ्यावा लागत नाही. सकाळी नऊच्या आत व दुपारी चारनंतर ऊन तिरपे व मऊ असते. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. वर्गात मुलाचे तोंड दाराखिडकीकडे असावे, पाठ नव्हे. चेहऱ्याची अंधारी बाजू उजळावयाची असेल तर समोरून पांढरी चादर धरावी, म्हणजे तिच्यावरून उजेड परततो. ही युक्ती गरिबांची म्हणून हिणकस समजण्याचे कारण नाही. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटात काशीच्या घराच्या अंगणाचा देखावा स्टुडिओत उभारला होता. तेव्हा छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरूनच दिव्यांचा प्रकाश परतविला होता. ट्यूबलाइटखाली मात्र सावध असावे. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा आहे. कॅमेऱ्याचा वेग त्याशी न जुळल्यास पडद्यावर पट्टे लहरताना दिसतात. वेग सेकंदास २५ चित्रे ठेवावा, किंवा सरळ दिवे मालवून खिडकीवर भागवावे.

शालेय लघुपट बहुधा मार खातो तो आवाजात. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक पाहतात. बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातात. बोलणारा जितका दूर तितका त्याचा आवाज झपाट्याने क्षीण होतो : अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते. म्हणून दुसरा भ्रमणध्वनी केवळ ध्वनिमुद्रणासाठी मुलाच्या खिशात किंवा जवळच दृष्टीआड ठेवावा. प्रत्येक दृश्याच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. हात मिळाल्याचे चित्र व टाळीचा आवाज जुळविला की पुढचे सगळे जुळते. पिठाची गिरणी कोणत्या वेळी चालते ते आधी विचारून घ्यावे. रिकाम्या वर्गाची अर्ध्या मिनिटाची शांतता निराळी टिपून ठेवावी. दोन दृश्ये जोडताना मधली फट तिने भरता येते.

अभिनयाविषयी शिक्षक उगीच चिंता करितात. १९२० च्या आगेमागे रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच नटाचा एकच भावहीन चेहरा निरनिराळ्या वस्तूंच्या चित्रांशी जोडून दाखविला, तेव्हा पाहणाऱ्यांस कधी त्यात भूक दिसली, कधी शोक. म्हणजे भाव पुष्कळदा जोडणीतून येतो. मुलास 'दुःखी दिस' असे सांगू नये. 'दाराकडे बघ आणि मनात दहा अंक मोज' असे सांगावे. पुढे रिकाम्या दाराचे दृश्य जोडले की काम झाले.

आता ज्या गोष्टीविषयी स्पष्ट लिहिणे मला अगत्याचे वाटते ती. ऊसतोडीची कथा करावयाची म्हणून जो मुलगा खरोखर दरवर्षी जातो त्यालाच उभे करावे, असा मोह होतो. 'अस्सलपणा येतो' असे त्याचे समर्थनही ऐकू येते. पण लघुपट चार मिनिटांत संपतो आणि तो मुलगा त्याच गावात राहतो. त्याच्या झोपडीचे, फाटक्या सदऱ्याचे, बापाच्या व्यसनाचे चित्र एकदा भ्रमणध्वनींवर फिरू लागले की ते परत घेता येत नाही. यास्तव दुःखाची भूमिका ज्याचे ते दुःख नाही अशा मुलास द्यावी. खऱ्या मुलास विचारावे ते जाणकार म्हणून : ट्रॅक्टरमध्ये सामान कसे रचतात, कोपीवर रात्री काय ऐकू येते. तो आपण होऊन काम मागू लागला तर त्याच्या आईबापांशी बोलूनच ठरवावे. पालकांची लेखी संमती प्रत्येक मुलासाठी घ्यावी, आणि चित्रफीत कोठे कोठे दाखविली जाईल हे त्यांस तोंडी समजावून सांगावे; नुसती सही किंवा अंगठा पुरेसा नव्हे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मनाई आहे, हेही ध्यानात असावे. विहीर, रस्ता, विजेची तार यांच्याजवळचे दृश्य कितीही साजरे दिसो, टाळावे.

संगीतासाठी चित्रपटगीत घेऊ नये. ध्वनिमुद्रणावरील हक्क ६० वर्षे टिकतो, आणि पुष्कळ स्पर्धांत एवढ्याच कारणाने प्रवेशिका बाद होते. गावात हलगी आहे, शाळेत लेझीम आहे, एखाद्या आजींच्या गळ्यात जात्यावरची ओवी आहे. त्यांची परवानगी घेऊन ती मुद्रित करावी व नामावलीत त्यांचे नाव मानाने द्यावे. संपादनाची विनामूल्य साधने पुरेशी आहेत. काही साधने कोपऱ्यात आपले चिन्ह उमटवितात, ते नियमांत चालते का हे पाहून घ्यावे. वर्गातील थोरली मुले हे काम आपल्यापेक्षा लवकर शिकतात, त्यांच्याकडे ते सोपवावे. मात्र कापण्याचा निर्णय घेताना आपण जवळ बसावे. स्वतः टिपलेले दृश्य टाकून देणे कोणासही जिवावर येते.

प्रवेशिका पाठविण्यापूर्वी आठवडाभर आधी लघुपट शाळेत पालकांना दाखवावा. कोणी आईबाप 'हे नको' म्हणाले तर तेवढा भाग काढण्यास वेळ उरतो. नंतर कालमर्यादा नामावलीसह मोजावी, मूळ चित्रणाची एक प्रत शाळेच्या संगणकावर व दुसरी पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि पाठविलेली फाइल दुसऱ्या एखाद्या यंत्रावर शेवटपर्यंत, आवाजासह, चालवून पाहावी.