ठिपका किती बारीक हवा?

नागपुरात धंतोली म्हटलं की दवाखाने आलेच. वर्धा रोड आणि रेल्वेचे रूळ यांच्या मधल्या गल्ल्यांत एकेका इमारतीवर डॉक्टरांच्या चार-पाच पाट्या. इथल्या एका मेडिकलवाल्यासाठी मी घरपोच औषधांचं ॲप करतोय. मालकांचं म्हणणं साधं, "भाऊ, त्यात फक्त लोकेशन टाका. पोरगा बरोबर पोचला पाहिजे."

लोकेशन टाकणं आता खरंच सोपं झालंय. त्यासाठी तयार लायब्ररी मिळतात. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून, तपासून ठेवलेला कोड. आपण तो फक्त वापरायचा. मी लीफलेट घेतली. व्लादिमिर अगाफोन्किन या युक्रेनच्या प्रोग्रामरने ती २०११ मध्ये सर्वांसाठी मोफत खुली केली. नकाशा दाखवणं, सरकवणं, त्यावर खूण लावणं ती सांभाळते. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी भरत आणलेला. दहा-बारा ओळींत धंतोली पडद्यावर हजर!

ग्राहकाची जागा मात्र फोनकडूनच घ्यावी लागते. ग्राहकाने परवानगी दिली की फोन अक्षांश देतो, रेखांश देतो आणि सोबत तिसरा आकडा: अंदाज किती मीटरने चुकू शकतो. या तिसऱ्याकडे नवशिके बघतच नाहीत. तो ४० आला, तर पोरगा शेजारच्या इमारतीतही जाऊ शकतो. क्रमही सांभाळावा लागतो. लीफलेटला आधी अक्षांश लागतो, जिओजेसन नावाच्या फाइलला आधी रेखांश. नागपूरचे २१ आणि ७९ उलटे पडले, तर खूण थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार बेटांकडे जाते.

आता दशांशांचं बघू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढे दोन आकडे ठेवले तर सुमारे किलोमीटरभराचा अंदाज येतो, चार ठेवले तर ११ मीटरचा. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर असतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि गणित बिघडतं. म्हणून सहा-सात आकडे छापणं ही नुसती शोभा.

उंचीची गोष्ट त्याहून अवघड. नागपुरातल्याच झिरो माईल या स्मारकाच्या १९०७ च्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत, तीन दशांशांपर्यंत कोरलेली आहे. फोनला मात्र पेशंट पहिल्या मजल्यावर आहे की तिसऱ्या, याचा भरवसा नाही. मजल्यासाठी मी सरळ वेगळा रकाना ठेवला.

अंतर काढायचं सूत्रही लायब्ररीत तयार असतं, पण ते पक्ष्याच्या उड्डाणाचं अंतर. त्या हिशेबाने रुळांपलीकडचा मेडिकल कॉलेजचा भाग अगदी जवळ दिसतो. डिलिव्हरीच्या पोराला मात्र अजनीच्या पुलावरून वळसा घालावा लागतो. रस्त्यांवरून वाट काढायला ओएसआरएमसारखं वेगळं साधन जोडावं लागलं.

सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते ग्राहकांच्या जागांच्या साठवणुकीने. धंतोलीत जागा म्हणजेच आजार. ११ मीटरच्या अचूकतेवरून माणूस दातांच्या डॉक्टरकडे गेला होता की कर्करोगाच्या, एवढंही ओळखता येईल. मालक म्हणाले, "राहू द्या ना सगळं, पुढे जाहिरातीला कामी येईल." मी नाही म्हटलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच: ज्या कामासाठी संमती घेतली, त्या कामापुरतीच माहिती घ्या. माहिती कमी देण्याची सोय फोन कंपन्यांनीही दिली आहे. २०२० पासून आयफोनवर आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तिथेही ग्राहक अचूक जागेऐवजी ढोबळ जागा देऊ शकतो.

शेवटी आमचं ठरलं ते असं. "हा भाग आमच्या फेरीत येतो का?" या प्रश्नाला दोन दशांश पुरेत. पार्सल निघाल्यावर पाच दशांश, पण ते हातात पडेपर्यंतच. मग आकडा आपोआप पुसला जाईल. आकडे कमी करायला कोडची एक ओळ लागते. ती लिहायची की नाही, हे कुठलीच लायब्ररी आपल्या वतीने ठरवत नाही. ते ॲप करणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि पहिला ग्राहक बटण दाबायच्या आधीच.