शाकुंतलाचे भागीदार

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरीत झाल्याचे सांगितले आहे. रिठदचा व्यापारी बाजाराच्या कामासाठी वाशीमची वाट धरतो तेव्हा त्याच्या मनात भाव आणि वजन यांचा हिशेब चाललेला असतो; ही कथा त्याला सहसा आठवत नाही. तरी तिच्यातील मर्म व्यापाऱ्याला चटकन उमगण्याजोगे आहे. काव्य कितीही थोर असो, ते एकट्याने संसार करू शकत नाही. त्याला जोडीदार लागतो. ग्रंथ रंगभूमीवर आणावयाचा झाल्यास तर अनेक जोडीदार लागतात, आणि ते मिळवणे हे लिहिण्याहून कठीण काम असते.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८० साली ते पुण्यात महसूल खात्याच्या कचेरीत नोकरीस होते. वय सदतीस. नाटकाचा नाद जुना, पण त्यातून पदरात काही पडलेले नव्हते. त्या वर्षी एका पारशी नाटक मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ त्यांनी पाहिला आणि असे गाते नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले. हाताशी ग्रंथ होता कालिदासाचा. ‘शाकुंतला’ची मराठी भाषांतरे तत्पूर्वीच झाली होती. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांनी ते भाषांतराचे काम निष्ठेने केले होते. परंतु ती भाषांतरे वाचण्यासाठी होती. अण्णासाहेबांना ती कथा गळ्यांतून ऐकवायची होती.

विष्णुदास भावे यांच्या परंपरेतील नाटकांत गाण्याचा भार मुख्यत्वे सूत्रधारावर असे. पात्रे त्याच्या पदांना धरून वावरत. अण्णासाहेबांनी पद ज्याचे त्याच्या तोंडी दिले. आज हे साधे वाटते. पण या एका निर्णयाने त्यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. दुष्यंताने स्वतः गावयाचे, तर दुष्यंत गाणारा हवा. कण्वाने गावयाचे, तर कण्वही. एका उत्तम गायकावर भागणार नव्हते.

हे गळे त्यांना लाभले ते मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्या रूपाने. मोरोबा दुष्यंत झाले, बाळकोबा कण्व. शकुंतलेचे काम शंकरराव मुजुमदारांकडे आले. संगीतकार म्हणून वेगळा कोणी नव्हता. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातल्या चाली, सीमेपलीकडच्या कानडी चाली, जे लोकांच्या कानी आधीच रुळलेले होते तेच अण्णासाहेबांनी वेचले आणि त्यावर आपले शब्द बसवले. नवा माल जुन्या ओळखीच्या मापाने विकण्याचीच ही युक्ती म्हणावी. श्रोत्याला चाल शिकवावी लागली नाही. त्याने केवळ कथा ऐकली.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. मात्र सातांपैकी चारच अंकांचा. संपूर्ण नाटक पुढल्या वर्षी रंगभूमीवर आले. सर्व सिद्धता होईपर्यंत थांबावे, असे कोणी म्हटले असते तर कदाचित ते नाटक कधीच झाले नसते. जेवढे तयार तेवढे घेऊन दुकान उघडण्याची ही हिंमत नोकरदार माणसात क्वचित आढळते.

१८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. वय अवघे एकोणीस. त्यांच्या आवाजाने मंडळीचे भाग्य पालटले आणि त्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत सौभद्र’मध्ये ते सुभद्रा झाले. अण्णासाहेबांना मात्र पुढे फार अवधी मिळाला नाही. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले.

त्यांचा बेळगावच्या शाळेतील विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल. त्याने शूद्रकाचे दहा अंकी ‘मृच्छकटिक’ संगीतात आणले. व्यापारी कुटुंबांनी हे नाटक अवश्य पाहावे. नायक चारुदत्त हा सार्थवाहाच्या घराण्यातील, आता निर्धन झालेला. त्याच्याकडे वसंतसेनेने ठेव म्हणून सोपवलेले दागिने चोरीस जातात. लिखापढी नाही, तक्रार नाही. तरी तो पत्नीची रत्नमाला पाठवून ठेव भरून देतो, आणि दागिने आपण जुगारात हरलो असा निरोप धाडतो. चोरीची हकीकत खरी असूनही कोणास पटणार नाही, हे त्याला ठाऊक असते. पतीची पत राखण्यासाठी माहेरची रत्नमाला काढून देणाऱ्या धूतेविषयी मात्र फारसे बोलले जात नाही.

जोडीदार मिळणे जितके कठीण, तितकेच टिकणेही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे यांनीच १९११ च्या ‘मानापमाना’ला चाली दिल्या होत्या. पण काही काळातच ते या भागीदारीतून बाहेर पडले.

जैन घरांतून आयंबिल ओळीच्या दिवसांत ‘श्रीपाल राजाचा रास’ वाचला जातो. त्याच्या ढाळी देशी चालींवर गाण्यासाठीच रचलेल्या आहेत. म्हणजे अण्णासाहेबांना जे साहित्य वेचून आणावे लागले ते येथे ग्रंथातच सिद्ध आहे. रिठदसारख्या गावी कोणी हा रास मराठी संगीत नाटकात आणू म्हणेल तर चालींची उणीव नाही, कथेची नाही. उरतात ते गाणारे, पेटी-तबला वाजवणारे आणि रात्री दुकान बंद झाल्यावर तालमीला येणारे लोक. या रासाची स्वतःची हकीकतही याच प्रश्नाची आहे. विनयविजयजींनी रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये तो रचावयास घेतला. रचना चालू असतानाच त्यांचा देह पडला. उर्वरित रास उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केला. घरोघरी वाचला जातो तो या दोघांचा मिळून झालेला ग्रंथ.