खेळाच्या गावातले पंच

श्रोतेहो, कबड्डीचा सामना आपण सर्वांनी पाहिलेला आहे. चढाई करणाऱ्या गड्याचा हात मध्यरेषेला लागला की नाही, ह्यावरून मैदानात एकच गलका होतो. पण पंचाने शिटी फुंकली की वाद मिटतो. निदान मिटायला हवा! आता असा एक खेळ मनात आणा, की ज्यातला एक गडी साताऱ्याला आहे, दुसरा कॅनडात आहे आणि तिसरा कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. कोणी कोणाचे तोंड पाहिलेले नाही, खरे नावही माहीत नाही. इंटरनेटवरचे खेळ असे चालतात. खेळता खेळता ही मंडळी बोलतात, टोळ्या करतात, मैत्री जोडतात आणि भांडतातही. थोडक्यात, खेळाभोवती एक गावच वसते. त्या गावात शिस्त राखणाऱ्याला 'मॉडरेटर' म्हणतात. आपण त्याला पंचच म्हणू.

ह्या पंचाचा पेच असा की, दोर फार आवळला तर लोक निघून जातात, कारण ते मोकळेपणासाठीच आलेले असतात. फार सैल सोडला तर दांडगे तेवढे उरतात आणि सालस माणसे वाट धरतात.

हा पेच नवा नाही. १९८६ साली अमेरिकेत लुकासफिल्म कंपनीने 'हॅबिटॅट' नावाचा खेळ चाचणीदाखल सुरू केला. घरातला संगणक टेलिफोनच्या तारेला जोडून लोक त्यात शिरत आणि पडद्यावरच्या नगरात चित्ररूपाने वावरत. तिथे दुसऱ्याची वस्तू चोरता येई, बंदुकीने त्याला 'मारता'ही येई. मेलेला गडी पुन्हा आपल्या घरी उठून बसे, पण हातातली वस्तू गेलेली असे. हा गुन्हा मानायचा की खेळातली गंमत? एका ग्रीक ख्रिस्ती धर्मोपदेशकाने तर खेळातच एक पंथ काढला. अनुयायांनी शस्त्र बाळगायचे नाही, चोरी करायची नाही. पुढे मते घेतली, ती निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे पडली. तेव्हा चालकांनी तोड काढली : वेशीच्या आत चोरी आणि गोळीबार चालणारच नाही, वेशीबाहेरच्या रानात मात्र पूर्ववत मुभा. मला ही तोड फार शहाणपणाची वाटते. कोणाचा आनंद हिरावला नाही, आणि ज्याला निवांत बसायचे त्याला जागा मिळाली.

परंतु सगळीच भांडणे अशी वेशीवर वाटून देता येत नाहीत. त्यासाठी दुसरी हकीकत ऐका.

कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस नावाचे संगणकतज्ज्ञ होते. त्यांनी १९९० साली 'लॅम्डामू' नावाचे एक ठिकाण लोकांना खुले केले. इथे चित्रे नव्हती, सारा कारभार अक्षरांचा. तुम्ही 'मी खिडकीशी उभा आहे' असे लिहायचे आणि इतरांनी ते वाचायचे. अशाच खेळांच्या घराण्यातले हे ठिकाण. पण इथे जिंकणे-हरणे नव्हते. नकाशा कर्टिस ह्यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेला, आणि बैठकीची खोली म्हणजे गावचा पार. यंत्रणेच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांना तिथे 'जादूगार' म्हणत.

सुरुवातीला हे जादूगार तंटेही सोडवीत. त्या कामाने ते इतके पिकले, की डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस ह्यांनी जाहीर केले : यापुढे आम्ही फक्त यंत्र सांभाळू, तुमचे सामाजिक प्रश्न तुम्ही पाहा. ऐकायला किती छान! पण लोकांच्या हाती कारभार देताना तो चालवायची रीत दिलेली नव्हती. ना सभा, ना नियम, ना दाद मागण्याची जागा.

चारच महिन्यांत परीक्षेची घडी आली. मार्च १९९३ मध्ये 'मिस्टर बंगल' हे नाव घेतलेल्या एका गड्याने बैठकीच्या खोलीत एक युक्ती वापरली. त्या युक्तीने तो दुसऱ्यांच्या नावावर वाक्ये उमटवू शके. त्याने काही स्त्रियांच्या नावांवर अशी अश्लील आणि क्रूर वाक्ये लिहिली, की जणू ती कृत्ये त्यांच्यावर होत आहेत किंवा त्या स्वतःच ती करीत आहेत. तुम्ही म्हणाल, शब्दच ते, त्याने काय होते? पण ज्या गावात माणूस शब्दांनीच वावरतो, तिथे त्याचे शब्द हिसकावणे म्हणजे त्याचा हात पिरगाळणेच होय.

तीन दिवसांनी सभा भरली. तीसएक मंडळी जमली. गड्याला कायमचे काढून टाकावे, असे अनेकांचे म्हणणे. शिक्षा करण्याचा अधिकार कोणाला, असा दुसऱ्यांचा प्रश्न. तास उलटले, ठराव मात्र झाला नाही. मग सभेत बहुतेक गप्प बसलेल्या एका जादूगाराने नंतर एकट्यानेच निर्णय घेतला आणि बंगलचे नाव पुसून टाकले. बाहेरगावाहून परतल्यावर कर्टिस ह्यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत बसवली. पुरेशा सह्या मिळाल्या की प्रश्न मताला टाकायचा, आणि दोनास एक अशा मताधिक्याने मंजूर झाला तर जादूगारांनी तो अमलात आणायचा. लवादही नेमले गेले.

त्या जादूगाराने केले ते योग्य की अयोग्य? माझ्या मते निकाल बरोबर होता, रीत चुकीची होती. आज त्याने दुष्टाला काढले. उद्या रागाच्या भरात नावडत्याला काढले तर त्याचा हात कोण धरणार? आणि मौज अशी की तो बंगल लवकरच दुसरे नाव घेऊन परत आला.

मतदानाची पद्धतही निर्विघ्न चालली नाही. मे १९९६ मध्ये जादूगारांनी पुन्हा जाहीर केले, की समाजाच्या बाबतीत हात न घालण्याचे वचन आम्हाला पाळता येत नाही. कोणाला किती जागा द्यायची, कोणती युक्ती बंद करायची, हे वरवर यंत्राचे प्रश्न. पण प्रत्येकाचा परिणाम माणसांवर होतोच. किल्ली ज्याच्या कमरेला आहे, त्याला 'मी फक्त कुलूप पाहतो' असे म्हणता येत नाही, हे त्यांना साडेतीन वर्षांनी कबूल करावे लागले.

पुढे १९९३ च्या मानाने फार मोठे खेळ आले. 'लीग ऑफ लेजेंड्स' ह्या खेळात २०११ पासून शिवीगाळीच्या तक्रारी खेळाडूंनाच वाचायला देत. शिक्षा की माफी, ते त्यांनी मताने सांगायचे. २०१४ मध्ये ती पद्धत बंद पडली.

आता शिक्षकबंधू-भगिनींनो, हे सारे तुम्हाला का सांगितले? तुमच्या नववी-दहावीच्या वर्गात खेळाचा गट चालवणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असू शकेल. डिस्कॉर्डसारख्या ठिकाणी गटाचा पंच कोणाला गप्प करू शकतो, कोणाला बाहेर घालवू शकतो. पगार नाही, शिकवण नाही, आणि न्यायाधीशाचे काम! त्याला रागावू नका. विचारा, 'काय रे, तुझ्या गटात भांडण झाले तर तू काय करतोस?' तो सांगेल, आणि तुम्हालाही ऐकण्यासारखे बरेच मिळेल.

मग त्याला काही गोष्टी सुचवता येतील. नियम भांडणाआधी लिहून ठेवावेत, नंतर नव्हे. ज्या तंट्यात आपण स्वतः आहोत, त्याचा निकाल दुसऱ्या पंचाकडे द्यावा; ही गोष्ट मोठ्यांनाही जड जाते, पण मुले ती पटकन समजतात. ज्याला बाहेर घालवले त्याला कारण कळवावे, आणि त्याची बाजू ऐकायला दुसरे कोणी असावे. खेळावरची टीका, गटाच्या पुढाऱ्यावरची टीका, वेडेवाकडे विनोद ह्यांना शक्यतो हात लावू नये. जात, धर्म, बाईमाणूस ह्यांवरून कोणाला घालूनपाडून बोलणे मात्र तिथल्या तिथे थांबवावे. त्यासाठी सभा भरवत बसू नये.

आणि एखादा अनोळखी गडी लहान मुलाकडे फोटो मागू लागला, धाक घालू लागला, तर तो प्रश्न पंचाचा राहिलाच नाही. मजकूर पुसू न देता तसाच जपून ठेवावा, घरच्यांना आणि शिक्षकांना त्याच दिवशी सांगावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे; तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला खडूचा एक तुकडा पुरतो.