होडी वाकडी का चालते?

आमच्या शेजारचे काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी बत्तीस फुटांची एक जुनी शिडाची होडी घेतली आणि मांडवीत नांगरून ठेवली. गोव्यात या छंदाचं कोणाला नवल वाटत नाही. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती आमच्याच दिवाडी बेटावर बांधलेली. काकांची झेप मात्र वेंगुर्ल्यापर्यंत. काकूंचं माहेर तिथलं, म्हणून.

काका आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सुकाणूचं चाक तास दोन तास धरलं तरी हात भरून येतो. त्यामुळे होडीवरचा ऑटोपायलट हा त्यांचा खरा खलाशी. तोच डिसेंबरात बिघडला, आणि परदेशातल्या मुलाने फोनवर सांगितलं, “बाबा, आता विका ती होडी.” एक गिऱ्हाईक बघूनही गेलं. मी सॉफ्टवेअरवाला आणि सुट्टीच्या दिवशी काकांचा मदतनीस, म्हणून दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं.

बिघाड असा होता. आम्ही पहाटे अग्वाद मागे टाकून उत्तरेला निघालो होतो. जमिनीवरून येणारा पहाटवारा उजवीकडून शिडात भरलेला, होडी डावीकडे कललेली. ऑटोपायलटला 340 अंशांची दिशा दिली होती. अर्ध्या तासाने होडीचं नाक आपोआप डावीकडे वळलं, मग पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागे वळून पाहिलं तर पाण्यावर सापासारखी रेघ. तेवढ्यात कोणीतरी जोरजोरात टॉर्च हलवत ओरडू लागलं. पुढे वीस-पंचवीस मीटरवर जाळ्याचे थर्माकोलचे फ्लोट होते. काकांनी ऑटोपायलट बंद करून त्याच दुखऱ्या हाताने चाक फिरवलं. जाळं थोडक्यात वाचलं. ते फाटलं असतं तर त्या माणसाचं किती नुकसान झालं असतं, हे काका परतीच्या वाटेवर दोनदा बोलले. खांद्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

ऑटोपायलट म्हणजे काही गूढ यंत्र नाही. एक इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाक कुठे आहे ते सांगतं. एक सेन्सर सुकाणूचं पातं किती वळलंय ते सांगतो. एक छोटा संगणक या दोन्हींवरून हिशेब करतो आणि मोटर सुकाणू वळवते. हिशेबाची पद्धत शंभर वर्षांची आहे. अमेरिकन आरमारासाठी काम करणाऱ्या निकोलस मिनॉर्स्की यांनी ती 1922 मध्ये गणितात मांडली. कसलेला सुकाणूवाला फक्त नाक किती चुकलंय एवढंच पाहत नाही. ते किती वेगाने वळतंय आणि चूक किती वेळ रेंगाळली आहे, हेही तो लक्षात घेतो, आणि नाक जागेवर यायच्या आधीच चाक सैल सोडतो. हे तीन भाग आजही कारखान्यातल्या भट्टीपासून ड्रोनपर्यंत सगळीकडे वापरतात. कॉलेजात परीक्षेसाठी शिकलो होतो, त्यामुळे मला वाटलं, दुखणं हिशेबातच असणार.

पहिल्या रविवारी जेटीवरच सगळं तपासलं. ऑटोपायलट सुरू केला की सुकाणू मुकाट्याने डावी-उजवीकडे फिरत होतं. आमच्या ऑफिसात म्हणतात तसं, ‘माझ्या मशीनवर चालतंय’. तरी मी संवेदनशीलता कमी केली. मोटरच्या तारांवर व्होल्टेज मोजलं, तर बॅटरीपाशी साडेबारा आणि मोटर फिरताना तिच्या टोकाशी साडेदहा. एका जोडावर हिरवट गंज चढला होता, तो घासून काढला. सुकाणूच्या सेन्सरचा एक नट ढिला होता, तोही आवळला. मोठ्या आनंदात काकांना हे सगळं सांगितलं.

काका म्हणाले, “अरे, तीन गोष्टी एकदम बदलल्यास. आता बरं झालं तर कशाने झालं ते कसं कळणार?”

बरं झालंच नाही. दुसऱ्या रविवारी समुद्रात गेलो तर तोच साप. फक्त संवेदनशीलता कमी केल्यामुळे आता वळणं मोठी आणि संथ झाली होती. म्हणजे मी बिघाड बरा केला नव्हता, त्याचा चेहरा बदलला होता. सेटिंग निमूटपणे पूर्ववत केलं.

मग काकांनी त्यांची वही काढली. प्रत्येक सफरीची वेळ, दिशा, वारा आणि शिडं बारीक अक्षरात लिहायची त्यांची जहाजावरची सवय. बिघाडाच्या नोंदी आम्ही एका कागदावर उतरवल्या. एकूण सात. सातही वेळा वारा उजवीकडून होता, म्हणजे होडी डावीकडे कललेली. वारा डावीकडून असताना एकदाही तक्रार नव्हती. जेटीवर तर होडी कलतच नाही. हिशेब चुकत असता तर दोन्ही बाजूंना चुकला असता. होडी कलली की होडीतलं काहीतरी बदलत होतं.

तिसऱ्या रविवारी एकच काम ठरवलं. काका चाकासमोरच्या साध्या, द्रवात तरंगणाऱ्या तबकडीच्या होकायंत्राचे अंश मोठ्याने वाचणार, मी ऑटोपायलटच्या पडद्यावरचे. होडी सरळ होती तोवर दोन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या फरकाने सोबत चालले. वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, आणि पडद्यावरचा आकडा एकदम वीस अंशांनी उडाला. काकांची तबकडी मात्र जागची हलली नव्हती. ऑटोपायलटने इमानेइतबारे ती खोटी चूक सुधारायला होडी वळवली. त्या दिशेला शिडातला जोर कमी होऊन होडी सरळ झाली, तसा आकडा पूर्ववत आला, आणि बिचाऱ्याने होडी उलट वळवली. त्याचा हिशेब पहिल्यापासून बरोबर होता. डोळा फसत होता.

तो डोळा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, डाव्या बाकड्याखालच्या कप्प्यात भिंतीला स्क्रूने बसवलेलं आहे. कप्पा उघडला. होकायंत्राला अगदी खेटून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, काकूंचा बिडाचा तवा होता.

तो तिथे ठेवला होता मी. नोव्हेंबरात काकूंनी होडीवर घावणे करायचे म्हणून तवा दिला, आणि जड सामान नेहमी खाली ठेवावं या नियमाने मी तो त्या कप्प्यात सरकवला. होडी डावीकडे कलली की तवा घसरत होकायंत्रापाशी जायचा, सरळ झाली की मागे यायचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि हे होकायंत्र चालतं पृथ्वीच्या चुंबकत्वावर, जे फार दुबळं असतं. वीतभर अंतरावर असं दोन किलो लोखंड आलं तर पुरतं. काकांची तबकडी तिथून बरीच दूर, म्हणून ती शाबूत राहिली.

मी काकांना खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “तीन रविवार मी समजत होतो की यंत्र म्हातारं झालं. किंवा मी.”

तवा काढला. त्या दिवशी वारा पडल्यावर शांत पाण्यात, इंजिनावर, अगदी सावकाश दोन पूर्ण गोल फेऱ्या मारल्या. असं केलं की ऑटोपायलट होडीतल्या कायमच्या लोखंडाचा परिणाम स्वतःच मोजून वजा करतो. पुढच्या रविवारी पहाटवाऱ्यावर, होडी मुद्दाम डावीकडे कलवून, दोन तास 340 वर चाललो. मागची रेघ सरळ होती. गंजलेला जोड मूळ दोषी नव्हता, पण तो घासला हे बरंच झालं.

गिऱ्हाइकाला काकांनी नाही कळवलं. मुलाला फोन केला तेव्हा बिघाडाचं कारण सांगितलं नाही, फक्त “किरकोळ होतं” म्हणाले. कप्प्याच्या झाकणावर आता त्यांच्या बारीक अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘इथे लोखंड ठेवू नये. डबा, पाना, स्पीकर, तवा.’ शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

तवा आता पुढच्या टोकाच्या कप्प्यात असतो, पट्ट्याने बांधलेला. वेंगुर्ल्याला पोचल्यावर मी तो बाहेर काढतो आणि परतताना स्वतःच्या हाताने पुन्हा बांधतो. काकू तेवढ्यासाठी माझ्यावर लक्ष ठेवून असतात.