जमिनीला लाकडाचा साज

घराची शोभा भिंतींवरून ठरते असे आपण समजतो. परंतु घरातील माणसांचा सर्वांत निकटचा संबंध येतो तो पायांखालच्या जमिनीशी. रांगते मूल तिच्यावर वाढते आणि घरची मंडळी तिच्यावर पाने मांडून जेवतात. म्हणून ती सुंदर असावी, आणि त्याहूनही अधिक निर्धोक असावी. रंगविलेल्या लाकडी फळ्यांची जमीन अनेकांना मोहविते. ती अल्प खर्चात कशी साधावी, हे येथे पाहू.

आपल्या हजीऱ्याच्या परिसराला लाकूड परके नाही. तापीच्या मुखाजवळील सुवाळीच्या बंदरात एके काळी परदेशी जहाजे नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांची चकमक याच समुद्रात झडली. सुरतेचे जहाजबांधणीचे कारागीर नामांकित होते. त्यांपैकी लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने तेथील गोदी गाजविली. त्या गोदीत १८१७ साली पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये उभे आहे. डांगच्या जंगलांतील सागवानासाठीच १८४२ साली इंग्रजांनी भिल्ल राजांकडून ती जंगले भाडेपट्ट्याने घेतली. सुरतेतील घरेही लाकडाची असत. १८३७ च्या एप्रिलमधील भीषण आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली, याचे एक कारण हेच.

आज सागवानी जमीन सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. शिवाय समुद्रकाठची दमट हवा लाकूड फुगविते आणि वाळवी ते पोखरते. तेव्हा साध्या सिमेंटच्या जमिनीवरच रंगाने लाकडाचा भास निर्माण करणे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

परंतु रंगाला हात घालण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घ्यावी. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवून एक दिवस तसाच ठेवावा. त्याखाली पाण्याचे थेंब दिसले, तर जमिनीतून ओल वर येत आहे असे समजावे. अशा जमिनीवर रंग टिकत नाही. वर येणारी वाफ त्याला फोड आणते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. नव्या सिमेंटला निदान महिनाभर सुकू द्यावे. त्यातील क्षार तेलरंगातील तेलाशी संयोग पावून चक्क साबण तयार करतात आणि रंग निसटतो. प्रयोगशाळेत आपण तेल व दाहक सोडा यांपासून साबण बनवितो, तीच ही क्रिया. म्हणून नव्या सिमेंटवर क्षार सोसणारा अस्तररंग प्रथम द्यावा.

जमीन कोरडी ठरली, की ती सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, काचकागदाने किंचित खरवडावी. मग जमिनीसाठीच बनविलेल्या फिकट बदामी रंगाचा हात द्यावा. भिंतीचा रंग पावलांखाली लवकर झिजतो. तो वाळल्यावर गेरूत माखलेला दोरा ताणून झटका मारावा आणि सहा-सहा इंचांवर फळ्यांच्या रेघा पाडाव्यात. खऱ्या फळ्यांचे सांधे एका ओळीत येत नाहीत, म्हणून आडव्या रेघाही मागेपुढे असाव्यात. आता पातळ केलेला गडद तपकिरी रंग एक फळी सोडून एक अशा क्रमाने लावावा आणि तो ओला असतानाच कोरड्या, राठ कुंचल्याने अथवा जुन्या फणीने एकाच दिशेने ओढावा. दातांच्या खुणांतून खालचा बदामी रंग डोकावतो आणि लाकडाचे रेषे उमटतात. पहिल्या फळ्या वाळल्या, की मधल्या फळ्या घ्याव्यात. शेवटी पारदर्शक व्हार्निशाचे दोन हात द्यावेत. काम आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे करीत यावे, नाहीतर रंगारी खोलीतच अडकायचा!

खर्चाचा अंदाजही सोपा आहे. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीचे क्षेत्रफळ बारा चौरस मीटर. एक लिटर रंग साधारणतः आठ चौरस मीटरला एकदा पुरतो. म्हणजे दोन हातांना तीन लिटर पुरे.

भाड्याच्या घरात किंवा कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्यांनी जमिनीस हात न लावता जाड शिडाचे कापड रंगवून अंथरावे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी रंगीत कापडे घरोघर असत. घर बदलताना ते गुंडाळून नेता येते. मात्र त्याखाली न घसरणारे अस्तर घालावे.

आता दोन इशारे. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे असे. ते लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असण्यास बंदी आहे. तेव्हा डब्यावरील मजकूर वाचूनच खरेदी करावी, आणि जुना रंग कधीही कोरडा घासू नये. त्याची धूळच विष होय.

दुसरा इशारा आगीचा. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून सुकत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि त्या वेळी उष्णता बाहेर टाकते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग केला, तर ही उष्णता आत कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. म्हणून चिंध्या उघड्यावर सुट्या पसराव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. काम चालू असता खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ शेगडी वा दिवा नसावा.

विद्यार्थी मित्रांनो, रसायन, भूमिती आणि चित्रकला हे तीन विषय एका खोलीच्या जमिनीवर असे एकत्र नांदतात. येत्या सुट्टीत वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली प्रथम एका फळकुटावर हात बसवावा आणि मगच जमिनीकडे वळावे. थोडे द्रव्य, थोडे श्रम आणि पुरती सावधगिरी यांतून सजलेल्या घराला वेगळीच शोभा असते.