होकाराचा अर्थ

सौम्य बौद्धिक अक्षमता बहुधा पाहताक्षणी ओळखू येत नाही. चेहऱ्यावर वेगळी खूण असतेच असे नाही, बोलणेही अनेकदा स्पष्ट असते. बुद्धिगुणांक साधारण ५० ते ७० असलेल्या या व्यक्ती बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये बहुसंख्य आहेत. सुमारे ८५ टक्के हा आकडा पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. त्यांतले अनेकजण कामापुरते लिहायला-वाचायला शिकतात, एकटे बसने जातात, दुकानात किंवा कारखान्यात नोकरी करतात. अडचण वरून दिसत नसल्यामुळेच समोरचा माणूस नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या आडवळणाने बोलत राहतो. संवाद कुठे तुटला, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

तो बहुतेक वेळा ‘हो’पाशी तुटतो. कॅरल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले. प्रश्न नीट कळला नाही की उत्तर होकाराकडे झुकते. इतके, की एकमेकांच्या विरुद्ध अर्थाच्या दोन प्रश्नांनाही तीच व्यक्ती ‘हो’ म्हणू शकते. याला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. चुकीच्या उत्तराबद्दल लहानपणापासून हसू किंवा ओरडा वाट्याला आलेल्या माणसाला होकार सुरक्षित वाटतो. कॅलिफोर्नियातील एका संस्थेतून बाहेर पडून स्वतंत्र राहू लागलेल्या प्रौढांवर रॉबर्ट एजर्टन यांनी १९६७ मध्ये ‘द क्लोक ऑफ कॉम्पिटन्स’ हे पुस्तक लिहिले. आपल्याला कळत नाही हे लपवण्यासाठी ही माणसे रोज किती खटपट करत होती, ते त्यात सविस्तर आले आहे.

मराठी बोलण्यात हा धोका वाढतो, कारण कितीतरी प्रश्न उत्तर सोबत घेऊनच येतात: ‘गोळी घेतलीस ना?’, ‘तिथे बरं वाटतं ना?’, ‘समजलं ना?’ या ‘ना’ला नकार देणे धीट माणसालाही जड जाते. त्याऐवजी ‘सकाळी उठल्यावर काय काय केलंस?’ असे विचारले, तर गोळीचा उल्लेख येतो की नाही ते कळते. ‘हे की ते?’ या प्रश्नात शेवटचा पर्याय उचलला जाण्याची शक्यता असते. म्हणून थोड्या वेळाने पर्यायांचा क्रम उलटून पाहावा, किंवा दोन्ही वस्तू वा चित्रे समोर ठेवावीत. मात्र तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारणे घातक, कारण आधीचे उत्तर चुकले असे समजून ते बदलले जाते. सांगितलेले पोचले का, हे पाहण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ‘घरी गेल्यावर आईला काय सांगाल?’ असे विचारून ते त्या व्यक्तीच्या शब्दांत ऐकणे. उत्तर यायला वेळ लागतो. मनात दहा अंक मोजून होईपर्यंत गप्प राहिले, तर पुष्कळदा ते येते.

काळवेळेचे शब्द विशेष अवघड. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘गुरुवारी, जेवण झाल्यावर’ हे पक्के. ‘पावणेपाच’ तोंडी सांगण्यापेक्षा घड्याळावर दाखवावे. ‘बघू उद्या’ हा सभ्य नकार आहे, हे सगळ्यांनाच उमगत नाही. कोणी तरी दुसऱ्या दिवशी खरोखर वाट पाहत बसते. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि नकार असेल तर स्पष्ट नकार, हेच अधिक आदराचे.

आदराचा प्रश्न सोप्या भाषेइतकाच महत्त्वाचा आहे. तिशीच्या गृहस्थाला ‘बाळा’ म्हणणे, किंवा तो समोर बसलेला असताना त्याच्या आईला ‘हा काय खातो?’ असे विचारणे, ही घराघरांत आणि दवाखान्यांतही चालणारी गोष्ट आहे. ती थांबायला हवी. वाक्ये सोपी करायची. सूर, विषय आणि ‘अहो-जाहो’ मात्र वयाला साजेसेच राहिले पाहिजेत. पगार, लग्न, निवडणूक, क्रिकेट हे सारे त्यांच्याही बोलण्याचे विषय असतात.

या संवादाला आता कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १३ नुसार दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मधील मर्यादित पालकत्वात पालकाने परस्पर विश्वासाने आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून संयुक्तपणे निर्णय घ्यायचे असतात. तिच्याशी बोलताच आले नाही, तर ते पालकत्व कागदावरच राहते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात दिव्यांग बालकाचा जबाब आणि साक्ष नोंदवताना विशेष शिक्षकाची, किंवा त्या मुलाची बोलण्याची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची, मदत घेण्याची तरतूद आहे. अशा जबाबात सुचवणारा एक प्रश्नही संपूर्ण साक्ष डळमळीत करू शकतो. म्हणून ‘त्यानेच केलं ना?’ असे न विचारता ‘काय झालं ते सांग’ इथून सुरुवात करावी, आणि आलेले उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहून घ्यावे.