चुकीची किंमत किती? डायब्लो ४ की पाथ ऑफ एक्झाइल २

पडद्यावरचे खेळ : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण पाळीपाळीनं चाल करायच्या रोल-प्लेइंग गेम पाहिल्या. त्यांत राक्षस तुमच्या चालीची वाट बघत उभा राहतो. मधेच उठून चहा पिऊन आलात तरी त्याची तक्रार नसते. आजच्या प्रकारात तो थांबत नाही. तुम्ही विचार करत राहिलात तर तो तुम्हाला मारून मोकळा होतो. हाच तो अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग प्रकार.

निमित्त आहे वाराणसीहून आलेल्या एका पत्राचं. पत्रलेखक मूळचा सांगलीकडचा, सध्या आयआयटी-बीएचयूत शिकतो. हॉस्टेलच्या त्याच्या मजल्यावर दोन तट पडलेत. एक डायब्लोवाल्यांचा, दुसरा पाथ ऑफ एक्झाइलवाल्यांचा. याच्याकडे पैसे एकाच गेमचे आहेत आणि मेसचं जेवण उरकल्यावर हाताशी दोनेक तास असतात. कुठली घेऊ, असा त्याचा सरळ प्रश्न आहे.

अशा प्रश्नाला सहसा ग्राफिक्स, कथा, राक्षसांची संख्या असा तक्ता मांडून उत्तर दिलं जातं. या दोन गेमच्या बाबतीत तो तक्ता फारसा कामाचा नाही, कारण वरवर पाहिलं तर दोन्ही एकच गोष्ट करतात. राक्षस मारा, तो टाकेल ती शस्त्रं-चिलखतं उचला, त्यातून आपलं पात्र बळकट करा आणि आणखी मोठ्या राक्षसाकडे जा. खरा फरक दुसरीकडे आहे. तुम्ही चुकलात तर गेम तुमच्याकडून काय वसूल करते, हे बघायला हवं.

एकाच मुळाच्या दोन फांद्या

पहिली डायब्लो १९९६च्या अगदी अखेरीस आली. कॅलिफोर्नियातल्या ज्या छोट्या कंपनीनं ती बनवली, ती पुढे ब्लिझार्ड नॉर्थ म्हणून ओळखली गेली. मुळात ती पाळीपाळीची गेम होती. ती सलग वेळेत चालावी असा आग्रह ब्लिझार्डनं धरला, तेव्हा मुख्य प्रोग्रॅमर डेव्हिड ब्रेव्हिक यांचा त्याला विरोध होता. शेवटी त्यांनी बसून कोड बदललं आणि काही तासांतच पडद्यावरच्या सांगाड्यावर क्लिक केल्याबरोबर तो कोसळू लागला. हा किस्सा त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितला आहे. या प्रकाराचा पाया त्या क्लिकमध्ये आहे.

२००० साली डायब्लो २ आली आणि जगभर पोरांनी तिच्यापायी रात्री जागवल्या. त्यांतलेच काही न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे. डायब्लो २सारखी खोल गेम आता कोणी बनवत नाही, या चिडीतून ख्रिस विल्सन आणि त्यांच्या साथीदारांनी २००६मध्ये ग्राइंडिंग गिअर गेम्स ही कंपनी काढली. सुरुवात एका गॅरेजात झाली. त्यांची पाथ ऑफ एक्झाइल २०१३च्या ऑक्टोबरमध्ये आली, तीही फुकट. आज या कंपनीत बहुसंख्य वाटा चीनच्या टेन्सेंटचा आहे, तर ब्लिझार्ड २०२३पासून मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आहे. थोडक्यात, गॅरेज आता कोणाकडेच राहिलेलं नाही.

दोन्ही घराण्यांची ताजी पिढी म्हणजे जून २०२३मध्ये आलेली डायब्लो ४ आणि ६ डिसेंबर २०२४पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये असलेली पाथ ऑफ एक्झाइल २. अर्ली अ‍ॅक्सेस म्हणजे गेम पुरी व्हायच्या आधीच खेळायला खुली केलेली. आली तेव्हा तिच्यात नियोजित बारापैकी सहाच पात्रं आणि कथेचे तीनच अंक होते. चौथा अंक २०२५च्या ऑगस्टमध्ये जोडला गेला.

मेल्यावर काय होतं?

डायब्लो ४मध्ये मेलात तर अंगावरच्या सामानाचा टिकाऊपणा दहा टक्क्यांनी घटतो. लोहाराकडे जायचं, थोडं सोनं द्यायचं, सामान पुन्हा नवं. जवळच पुन्हा उभे राहता आणि झुंज चालू. गेमच जणू म्हणते, झालं ते झालं, चल पुढे.

पाथ ऑफ एक्झाइल २ इतक्या सहज सोडत नाही. कथेच्या भागात मेलात तर बॉस, म्हणजे त्या भागातला मुख्य राक्षस, पुन्हा पूर्ण ताकदीनिशी उभा असतो. कथा संपल्यावरच्या खेळात तर मिळवलेला, पातळी वाढवणारा अनुभवच कापला जातो. वरच्या पातळ्यांवर हा फटका असा बसतो की एका बेसावध क्षणात संध्याकाळभराची कमाई जाते. सुरुवातीला तर नियम आणखी कडक होता. शेवटच्या टप्प्यात एखाद्या नकाशात (तिथल्या लढाईच्या प्रदेशांना हेच म्हणतात) शिरून मेलात, की तो नकाशा गेला, आतली लूटही गेली. खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि एप्रिल २०२५च्या मोठ्या अपडेटमध्ये एकाहून अधिक प्रयत्नांची मुभा मिळाली.

पण याच कडकपणामुळे तिच्यातल्या बॉसच्या लढती लक्षात राहतात. प्रत्येक वार येण्याआधी त्याची खूण दिसते: खांदा मागे जातो, जमीन चमकते, श्वास आत ओढला जातो. ती ओळखून कोलांटी मारून बाजूला झालात तर वाचलात. चारदा मरून पाचव्यांदा जिंकण्याची मजा डायब्लो ४मध्ये क्वचितच मिळते, कारण तिथे चारदा मरायची वेळच सहसा येत नाही.

पात्र घडवताना चुकलात तर?

खेळाडू ज्याला बिल्ड म्हणतात, ती म्हणजे पात्रानं कोणती कौशल्यं घ्यायची आणि कशाला जोर द्यायचा याची घडण. समजा, दोन्हीकडे तुम्ही चेटकीण निवडलीत.

डायब्लो ४मध्ये तिच्यापुढे आग, बर्फ आणि वीज अशा सरळ वाटा आहेत. चेन लायटनिंग घेतलं आणि कंटाळा आला, तर थोडं सोनं मोजून कौशल्यावर लावलेले गुण परत घ्या आणि फायरबॉलकडे वळा. जानेवारी २०२५पासून आर्मरी नावाची सोय आहे. तयार बिल्ड तिथे साठवून ठेवता येतात आणि पाहिजे तेव्हा एकीवरून दुसरीवर जाता येतं.

पाथ ऑफ एक्झाइल २मध्ये कौशल्यं रत्नांतून येतात. त्यांना पूरक रत्नं जोडून त्यांचा स्वभाव बदलता येतो: स्पार्क या कौशल्याच्या ठिणग्या वाढवा, त्यांचा वेग वाढवा, त्या आदळल्यावर काय व्हावं ते ठरवा. शिवाय पॅसिव्ह ट्री आहे. सुमारे दीड हजार बिंदूंचं हे जाळं पहिल्यांदा उघडलं की पोटात गोळा येतो. वाराणसीत गोदौलियाहून दशाश्वमेध घाटाकडे जाणारा रस्ता आणि चौखंबाच्या गल्ल्या यांत जो फरक, तोच या दोन गेमच्या घडणीत आहे. एकीकडे गर्दीबरोबर चालत राहिलं तरी घाटावर पोचता. दुसरीकडे वाट तुम्हालाच लक्षात ठेवावी लागते. आणि गल्ल्यांत मुरलेल्या माणसाला मोठा रस्ता बेचव लागतो, हेही खरं.

इथेही बिंदू परत घेता येतात, पण सोनं देऊन, आणि पातळी वाढते तसा दरही चढतो. सुरुवातीला तो इतका चढा होता की तक्रारींचा पाऊस पडला आणि कंपनीनं काही दिवसांतच तो उतरवला. तरी पन्नासाव्या पातळीवर आपलं सगळं गणित चुकलंय असं कळलं, तर एक-दोन रात्री भरपाईत जातात.

वस्तूंचंही तसंच. या मालिकेत चलन म्हणून जे ऑर्ब चालतात, त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा उपयोग असतो. एक्झाल्टेड ऑर्ब वस्तूवर वापरला तर तिच्यात नवा गुण येतो. दुसऱ्या खेळाडूला दिला तर त्याच्याकडची तलवार मिळते. वापरायचा की खर्चायचा, हे ठरवणं हाच खेळ. वाल ऑर्बची तर गोष्टच निराळी. तो लावला की वस्तू सुधारेल किंवा बिघडेल, आणि त्यानंतर तिच्यात काहीही बदल करता येणार नाही. आठवडाभर घडवलेल्या धनुष्यावर वाल ऑर्ब लावताना ज्याचा हात थरथरतो आणि ज्याला ते थरथरणं आवडतं, त्याच्यासाठीच ही गेम बनली आहे.

वाराणसीतला हिशेब

आता हॉस्टेलच्या खोलीत येऊ. डायब्लो ४ला किमान ९० जीबी जागा लागते, पाथ ऑफ एक्झाइल २ला १०० जीबी, आणि दोन्हीला एसएसडी हवी. किमान रॅम दोन्हीकडे ८ जीबी. फोनच्या रोजच्या दोन जीबीवर डाउनलोड करायचं म्हटलं तर डायब्लोलाच ४५ दिवस लागतील, म्हणजे निम्मं सेमिस्टर. कॅम्पसचं नेटवर्क किंवा कॅम्पसबाहेर लंका या भागात खोली घेऊन राहणाऱ्या मित्राचं ब्रॉडबँड, हेच खरे पर्याय.

दोन्ही गेम इंटरनेटशिवाय चालत नाहीत, म्हणून पिंग समजून घ्या. तुमचा क्लिक सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर वाराणसीहून सरळ रेषेत अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन सात हजार, म्हणजे ३५ मिलिसेकंद. यापेक्षा कमी कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. प्रत्यक्षात केबल आधी चेन्नई किंवा मुंबईचा किनारा गाठते, वाटेत थांबे घेते आणि आकडा बराच फुगतो.

पाथ ऑफ एक्झाइलच्या लॉगिनच्या पडद्यावर सर्व्हरची यादी असते. सगळ्यात कमी पिंगचा निवडायचा. सेटिंगमध्ये नेटवर्किंगचे दोन मार्गही आहेत. लॉकस्टेपमध्ये सर्व्हरचं उत्तर आल्यावरच तुमची कृती दिसते. दिसतं ते खरं असतं, पण पिंग जास्त असेल तर हात जड झाल्यासारखे वाटतात. प्रेडिक्टिव्हमध्ये कृती लगेच दिसते, मात्र अंदाज चुकला तर तुमचं पात्र अचानक चार पावलं मागे सापडतं. पिंग कमी आणि स्थिर असेल तर लॉकस्टेप, जास्त किंवा वरखाली होत असेल तर प्रेडिक्टिव्ह. लढतीत नेट गेलं तर मरण दोन्हीकडे येऊ शकतं. फरक पुन्हा तोच, की एकीकडे लोहाराचं बिल येतं आणि दुसरीकडे अनुभव कापला जातो. उन्हाळ्यात वीज जाते-येते अशा ठिकाणी हा मुद्दा गंभीर आहे.

एका बाबतीत मात्र कडक गेम जास्त मायाळू आहे. एकटे खेळत असाल तर पाथ ऑफ एक्झाइल २ थांबवता येते. डायब्लो ४ थांबत नाही. घरून फोन आला तर आईला 'दोन मिनिटांनी करतो' म्हणावं लागतं.

पैसे

डायब्लो ४ आली तेव्हा मूळ किंमत सुमारे ७० डॉलर होती. विस्तार वेगळा घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२४चा व्हेसल ऑफ हेट्रेड हा त्यांतला पहिला. मार्च २०२४पासून मूळ गेम मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीसेवेवर आहे, त्यामुळे एखाद्या महिन्याचं वर्गणीचं शुल्क भरून चाखता येते. पाथ ऑफ एक्झाइल २चा अर्ली अ‍ॅक्सेस ३० डॉलरच्या आसपास आहे, आणि पूर्ण आवृत्ती फुकट देण्याचं कंपनीनं जाहीर केलेलं आहे. मात्र सामान ठेवायचे जादा कप्पे विकत असतात, आणि व्यापार करू लागलात की त्यांवाचून अडतं.

तर मग कुठली?

पत्रलेखकाला माझं उत्तर असं. आज एक पैसाही खर्च करू नकोस. पहिली पाथ ऑफ एक्झाइल फुकट आहे, ती उतरवून घे आणि पहिला अंक, म्हणजे त्याच्या शेवटी येणाऱ्या मर्व्हेल या बॉसला मारेपर्यंत, कोणाचीही बिल्ड न बघता खेळ. त्या दरम्यान एकच गोष्ट तपास: मेलास की तुझ्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? 'का मेलो?' हा आला आणि तू स्वतःहून ते जाळं उघडून बघत बसलास, तर ३० डॉलर दुसऱ्या भागावर लाव. 'परत कुठून सुरू होतं?' हा आला, तर डायब्लो ४ गेम पासवर घे आणि मित्रांबरोबर खेळ. तिथे चौघांची टोळी जमते, उशिरा आलेलाही मागे पडत नाही आणि दोन तासांत काहीतरी हाती लागतं.

दुसऱ्या उत्तरात कमीपणा काही नाही. दिवसभर ज्याच्या चुकांवर लाल पेन फिरतं, त्याला रात्री चुकीचा दंड नको असेल तर ते शहाणपणाचंच आहे. उलट, परीक्षेत ज्याला चुकायची मुभाच मिळत नाही, त्याला मनसोक्त चुकून, शोधून, सुधारता येईल अशी जागा हवीशी वाटू शकते. फक्त सेमिस्टरच्या शेवटच्या महिन्यात पाथ ऑफ एक्झाइलचा नवा हंगाम सुरू करू नये. परीक्षेतली चूक कोणत्याही ऑर्बनं दुरुस्त होत नाही.

पुढील लेखांकात : अर्ली अ‍ॅक्सेस. अपुरी गेम विकत घेणारा नेमकं काय विकत घेतो?